शेवटचा स

स्नेहलतागंजात, दुसऱ्या मजल्यावर,
सागरहून आलेली पोरगी कानात मशीन बसवते.
"अंकल, अब?"
अब सगळंच येतं.
पंखा येतो, खालची रिक्षा, तिच्या बांगड्या,
चुरगळलेला कागद
आणि माझाच आवाज, हौदात पडलेल्या माणसाचा.

चौतीस वर्षं साचेखात्यात काढली.
कानात म्हणे बारीक केस असतात,
उंच सुरांचे आधी झडतात.
ती आलेख दाखवते, रेघ
उजवीकडे जाता जाता
तुटक्या जिन्यासारखी खाली कोसळते.
कळलं, बेटा.
उभे धागेच गेलेत.
अशा कापडावर केवढाही मोठा दिवा धर,
भोक तेवढं उजळ दिसेल.

"भिया" मात्र अख्खा पोचतो.
या गावाने माझ्यासाठीच घडवलाय जसा.
पोह्यांवर सेव टाकू का, हे पोचत नाही.
मी अंदाजाने मान हलवतो,
जिरावण जास्त पडतं.

माझी मराठी काठाशी उसवली.
ऋजुता विचारते, बाबा, जेवलास?
मला येतं, जेवला?
मी दाराकडे बघतो, कोण आलंय.
कधी आलास, थकलास का, गोळी घेतलीस,
सगळं दुसऱ्याच कुणाबद्दल.
घरात एक तिसरा माणूस राहतो,
त्याची सगळे चौकशी करतात.
माझी कुणीच नाही.

काल नथू बिऱ्हाडे आला.
माझ्यापासून चार साचे पलीकडे असायचा.
त्या गोंगाटात आम्ही ओठांनी बोलायचो,
जॉबरला शिव्या, पोरींची लग्नं, उसने पैसे,
आवाज न खर्चता.
बसल्यावर त्याने काही विचारलं.
मशीनने मोठ्याने सांगितलं,
"विरला?"
हो, म्हटलं, कोपरापाशी विरतोच सदरा.
नथू बघत राहिला.
त्याच्या तोंडात आता दात नाहीत,
स ला टेकायला जागा नाही.

मी मशीन काढून चष्म्याच्या घरात ठेवलं.
त्याने खुर्ची पुढे ओढली,
माझ्या छातीवर बोट टेकवलं
आणि ओठ पुन्हा हलवले,
जुने, साचेखात्यातले.
विसरलास?

नाही रे, म्हटलं मी.
फार मोठ्याने म्हटलं असणार.
समोरची खिडकी उघडली.