छाट

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते.
हत्तुरे वकिलांनी चेंबरचा पंखा बंद केला,
माझ्या हातावर दीड हजार ठेवले
आणि म्हणाले, "जूनला बघू."

सनदेला पाच वर्षं झाली.
ॲफिडेव्हिटचे तीनशे, त्यातले शंभर टायपिंगवाल्याचे.
नोटिशीचे पाचशे,
ते पुढच्या तारखेला, म्हणजे बहुतेक नाहीच.

म्हणून ॲप घेतलं.
त्याचा करार शेवटपर्यंत वाचला,
अख्ख्या सोलापुरात वाचणारा मीच एकटा असेन.
कलम चौदा: सदर इसम नोकर नसून भागीदार आहे.
हसू आलं.
वकिलाने दुसरीकडे नोकरी करू नये म्हणतात,
आणि ही नोकरी नाहीच, असं कंपनीच लिहून देते.
सुटलो. संशयाचा फायदा आरोपीला.

चव्वेचाळीस डिग्री.
सात रस्त्यावरून जुळे सोलापूर, तिथून परत विजापूर वेस,
पाठीवर दुसऱ्यांची बिर्याणी गरम,
माझा डबा डिकीत: कडक भाकरी, शेंगाचटणी,
हे बरं, उन्हात काही बिघडत नाही.
ऑर्डरीमागे सव्वीस. रात्री बाराला खात्यात.
पेट्रोल माझं, पंक्चर माझं.
पण पैसे त्याच दिवशीचे, हे मान्य करायला हवं,
पाच वर्षांत असं कुणी दिलं नव्हतं.
आई शेजारी सांगते, अंबादास केसच्या कामाने फिरतोय.
कोट मी तिच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलाय,
डांबराच्या गोळ्या घालून.

परवा केक घेऊन कुंभारीला गेलो, विडी घरकुलात.
दार उघडंच.
मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू, कात्री,
रेणुकाबाई गड्डम.
माझी पक्षकार. फंडाचा दावा, तिसरं वर्ष.

समोरचे वकील दर तारखेला तेच म्हणतात:
बाई स्वतःच्या घरी बसते,
वाटेल तेव्हा वळते, वाटेल तेव्हा उठते,
हिला कामगार कोण म्हणेल?
आणि मी उभा राहून म्हणतो:
पान त्यांचं, माप त्यांचं,
हजारातून छाट काढणारा हातही त्यांचाच, साहेब.

तिने माझ्या टी-शर्टकडे पाहिलं.
मी हेल्मेट काढलं नव्हतं, तरी ओळखलं.
"नातवाचा वाढदिवस," म्हणाली, "पोरीने फोनवरून मागवला.
किती देतात हो तुम्हाला?"
"सव्वीस."
"आणि छाट?"

मी जरा थांबलो.
मग सांगितलं: गिऱ्हाइकाने नाही म्हटलं तर कधी कधी काहीच नाही.
तारे कमी पडले की ऑर्डरी कमी.
कोण कापतं ते दिसत नाही.
"आमचा दिसतो तरी," ती म्हणाली,
"खुर्चीवर बसतो, पान खातो."
बोटं थांबली नव्हती. दोरा, गाठ, दोरा, गाठ.

पाणी दिलं. तांब्या गार होता.
"आमची तारीख?"
"अकरा जून."
"त्या दिवशी कोट घालून या बरं का."

अक्कलकोट रोडवर, पंपासमोरच्या लिंबाखाली
गाडी स्टँडवर लावली.
पुढची ऑर्डर वाजत होती, दोन डोसे, एक उत्तप्पा.
केकच्या बिलामागे लिहायला घेतलं:
मुद्दा नववा. वेळ कामगाराची असली
तरी ती मोजणारं घड्याळ कुणाचं,
ते न्यायालयाने पाहावं, ही विनंती.
"पाहावं" खोडून "विचारात घ्यावं" केलं.
पुन्हा "पाहावं".

डोसे अकरा मिनिटं उशिरा पोचले.
दारातल्या माणसाने पिशवी दाबून पाहिली,
"गार झालेत," म्हणाला.
मी म्हटलं, हो.
काही युक्तिवाद केला नाही.

बिल खिशात होतं, घामाने ओलं.
रात्री तव्यावर वाळवलं.
आठवा मुद्दा वाचता येतो.
नववा पुन्हा लिहावा लागेल.