तीन चाकांचा बैल

पोळ्याच्या रात्री मी ओजसला मारलं.
कारण सांगण्यासारखं नाही.
कोराडीहून डबल ड्युटी करून आलो होतो,
अंगाला राखेचा वास,
आणि त्यानं माझ्या बापानं करून दिलेल्या
सागाच्या बैलाचं एक चाक मोडून ठेवलं होतं.
चाक कितीचं असतं?
तरी हात उठला,
उठला तो थेट बापाच्या हातासारखा,
तोच कोपर, तीच बोटं,
जणू बैलासोबत तोही
मला वारशात आला होता.

ओजस रडला नाही.
मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे पाहावं
तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.
प्रणाली मेडिकलमध्ये नाईटला.
फोनवर मी म्हटलं, जेवला, झोपला.
मग अंधारात त्याच्या गालावर बोटं शोधत बसलो.
चार होती, की तीन,
मोबाईलचा उजेड पाडायची हिंमत झाली नाही.

सकाळी त्याचं एकच,
मारबत पाहायला चला.
रोज पोटाला विळखा घालून बसणारा पोट्टा
सक्करदऱ्यापासून इतवारीपर्यंत
मागचं कॅरिअर धरून बसला.

गर्दीत त्याला खांद्यावर घेतलं.
पिवळी आली, टपोऱ्या डोळ्यांची,
विजेच्या तारांखालून वाकत, डुलत.
लोक आपापलं दुखणं तिच्या अंगावर फेकत होते,
खोकला घेऊन जा, डेंग्यू घेऊन जा,
रस्त्यावरचे खड्डे घेऊन जा गे मारबत!
आणि माझ्या डोक्यावरून
एक बारीक, फाटका आवाज,
"बाबांचा राग घेऊन जा गे मारबत!"

शेजारचे हसले.
गुलालानं माखलेला एक जण म्हणाला,
"लय मोठा हाय काय बे तुह्या बापाचा?"
"नाही," ओजस म्हणाला,
"थोडासाच आहे."
आणि माझे केस दोन्ही मुठींत धरले,
पडू नये म्हणून.

कोराडीचं कोणी जवळपास नाही ना
हे मी आधी पाहिलं.
मग हसलो.

येताना तर्री-पोहे खाल्ले.
त्याच्या प्लेटीतली तर्री मी माझ्याकडे ओढून घेतली.
दुपारी प्रणालीला सांगितलं सगळं.
ती त्याच्या गालाला खोबरेल लावत राहिली,
बराच वेळ, गाल नुसता चकाकेपर्यंत.
मग म्हणाली,
मंगळवारी ड्युटीवरून येऊन मीही त्याला
दाराबाहेर उभं केलं होतं.
तू झोपला होतास.
आम्ही दोघं त्या तेलाच्या वाटीकडे पाहत राहिलो.

बैलाला चौथं चाक पाण्याच्या बाटलीच्या झाकणाचं लावलं.
फेव्हिक्विक माझ्याच बोटांना जास्त लागलं.
संध्याकाळी तो लंगडत लंगडत
गल्लीतल्या घराघरांतून फिरून आला.
दुबेकाकूंनी दहा दिले,
खालच्या मेश्रामांनी वीस आणि एक केळं.

रात्री बोजारा मोजता मोजता
त्यानं दुधाचा पेला सांडला,
माझ्या धुतलेल्या युनिफॉर्मवर.
माझा आवाज चढू लागला.
त्याला पायऱ्या पाठ आहेत,
अंधारातही चढतो.
दुसऱ्या की तिसऱ्या पायरीवर
ओजसनं मान वर केली.
"गेली नाही काय ती?"

आवाज तिथंच थांबला,
खाली कसं यायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.
"गेली," मी म्हटलं. "जाळली असेल आतापर्यंत."
"मग?"
"मग काय. पुढच्या वर्षी पुन्हा करावी लागते रे.
पुन्हा बांबू आणायचे, बांधायचे,
पुन्हा कागद चिकटवायचे."

त्यानं विचार केला.
मी फडकं आणून फरशी पुसली,
युनिफॉर्म बादलीत टाकला.
त्यानं ओली झालेली दहाची नोट
बनियनला पुसून पुन्हा वर ठेवली,
सगळे मिळून सदुसष्ट झाले.
मग विचारलं,
"बांबू कितीला येतो, बाबा?"