लाभ, दोन, तीन

मागच्या मंडईत दुसरा अंक रंगात असताना
डाव्या बाजूचा स्पीकर एकदा गुरगुरला,
मग जळक्या वार्निशचा वास.
आतला एक ट्रान्झिस्टर गेला होता
आणि एकोणपन्नास व्होल्ट सरळ कॉइलमध्ये शिरले होते.
न नाचता, न थरथरता,
नुसते एका जागी उभे राहून त्यांनी ती जाळली.
नट ओरडत राहिला अर्ध्या गावापुरता.

मुखरूमामानं वर्षभर तो विषय काढला नाही.
यंदा धान चुरून झाल्यावर नागपूरला गेला
आणि खिशातून एक हिरवा बोर्ड काढला, तळहाताएवढा.
हा म्हणे राखणदार.
स्पीकरच्या वाटेवर बसतो,
भलती वीज आली की दार लावून घेतो.
पण त्याच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत: बारा व्होल्ट, एसी.
आणि आमच्या ट्रान्सफॉर्मरला
पस्तीस-शून्य-पस्तीस सोडून दुसरं बोलता येत नाही.

"मधात रेझिस्टर टाका ना गा मामा,"
हिरामण डेकोरेशनवाला सुपारी कातरत म्हणाला.
मी वहीत मांडलं.
एकोणपन्नासातून बारा गेले, उरले सदतीस.
रिले पिणार साठ मिलिअँपिअरच्या आत.
सहाशे ऐंशी ओहम, पाच वॉट, पांढरा सिमेंटचा.
वडशाच्या आयटीआयतल्या सरांनी
दहापैकी दहा दिले असते.

बटण दाबलं.
बोर्ड आधी तीन सेकंद थांबतो, ती त्याची रीत.
त्या तीन सेकंदांत रिले काहीच पीत नव्हता.
बांधी भरलेली, पाट वरून चालूच,
पंचवीस व्होल्टचा कॅपॅसिटर फुगत गेला
आणि फट्!
वहीवर, चहाच्या बशीत, मामाच्या मिशीत
ओल्या कागदाच्या चिंध्या.
माझं उत्तर बरोबर होतं,
फक्त ते चौथ्या सेकंदाचं होतं.

मामा रागावला नाही. मिशी पुसली.
"तिरबेनी, त्याले मोठ्याच्या ताटातलं नोको देऊ.
त्याची येगरी वाटी मांड."

ट्रान्सफॉर्मरच्या खिडकीत
करंगळी जाईल न जाईल एवढी फट.
तिच्यातून तांब्याची तार ओवायची,
इनॅमल खरचटू न देता.
आधी दहा वेढे. मीटर म्हणाला, चार.
म्हणजे बाराला तीस.
"अन् रातच्याले लाइन एकशे नव्वदवर येते, ते?"
मामानं चार वाढवून दिले.

मी ओवत गेले, तो मोजत गेला,
खळ्यावर धान मापतात तसं:
लाभ, दोन, तीन...
सायत्रामामीनं मध्येच विचारलं, भाजी काय करू,
आणि सोळा की सतरा यावर आमचं वाजलं.
सगळी तार उलगडली.
पुन्हा लाभापासून.

नवा कॅपॅसिटर बसला.
दोघांची वीज आता वेगळी.
एक काळी वायर तेवढी सामाईक ठेवली,
नाही तर राखणदाराला कळायचं कसं
घर कोणत्या जमिनीवर उभं आहे.

मंडईच्या रात्री पडदा बांधून झाला.
बाया सतरंज्या टाकून बसल्या,
कोणाचं तरी पोर स्टेजवर चढून उतरलं.
मी बटण दाबलं.
"काहून गा, आवाज नाही ये?" हिरामण लगेच.

मामाचे कान बावीस वर्षांत भोंग्यांनी खाल्ले.
तो खाली उकिडवा बसला, झाकण उघडंच,
आणि रिलेच्या प्लास्टिकवर बोट टेकवलं,
अंडं आतून टोचलं जातंय का
ते बघावं तसं.

लाभ.
दोन.
तीन.

मी ऐकलं, तोवर
त्यानं बोट उचललं होतं.