उशीर

सकाळी सहाचा शो, कुर्ल्याला.
मेलरॉयनं गालावर निळी वीज रंगवलेली.
बाबांना मी ओढून आणलेलं
भायखळ्याच्या फायर स्टेशनातून, रात्रपाळी सुटल्या सुटल्या,
बुटांची काजळी तशीच.

तिसऱ्या भागात तो उशिरा पोचतो.
टॉवर पडून गेल्यावर.
थिएटर खवळलं. कुणी पॉपकॉर्न भिरकावलं,
मागून एकजण किंचाळला,
"अरे, उडता येतं ना तुला!"
मेलरॉय रडला. वीज हनुवटीपर्यंत ओघळली.

बाहेर टपरीवर आम्ही लेखकाला सोलून काढला :
लॉजिकच नाही,
पहिल्या भागात तो आवाजाच्या आधी पोचायचा,
हा आमचा नव्हेच.

बाबा ग्लास दोन्ही हातांत धरून उभे.
"किती मजले होते रे?"
"चाळीस."
"आणि जिने?"
ते कुणीच मोजले नव्हते.

मग बराच वेळ ते फुंकर घालत राहिले
निवलेल्या चहावर.

"सगळं संपल्यावरही तो हातमोजे काढत नाही,
बघितलंत?" म्हणाले.
"तेवढं बरोबर दाखवलंय."