फेकी

मेट्रोच्या बोगद्यावरचा जपानी इंजिनिअर
शाळेत असताना बेसबॉलचा पिचर होता म्हणे.
टपरीवाल्या आंगचेकरनं हे सांगितलं
आणि आमच्या टीमची झोप उडाली.

खजिनदार मी. वही अजून माझ्याकडे आहे.
मोरिशितासान, सुरमई, साडेआठशे.
पुन्हा सुरमई.
दुभाषी पोरगी, दोन संध्याकाळी.
बूट: त्याच्या मापाचे चुनाभट्टीत मिळेनात,
दादरहून आणले, रिक्षासकट.
पलीकडच्या मंडळानं त्याला घड्याळ दिल्याची खबर आली
त्या रात्री घरतनं बायकोची अंगठी वहीवर ठेवली.
तिची नोंद मी केली नाही.

तो सगळं दोन्ही हातांनी घ्यायचा.
वाकायचा.
आम्ही त्याला मोरे म्हणू लागलो.

फायनलचा पहिला चेंडू कुणाला दिसलाच नाही,
दिसला तो मधला स्टंप, कीपरच्या पायाशी.
मैदान उठलं, आणि अंपायरचा हात आडवा:
फेकी! नो-बॉल.
दुसरा. नो-बॉल. तिसराही.

एवढं जेवू घातलं त्याला,
पण कोपर सरळ ठेवायचं असतं
हे एक वाक्य त्या पोरीकडे
कुणी दिलंच नव्हतं.

मोरे अंपायरपुढे वाकला,
चेंडू त्याच्या हातात ठेवला
आणि लाँग-ऑनला जाऊन उभा राहिला.

हरत आलो होतो तेव्हा
तिथून एक थ्रो आला, जमिनीला न टेकता.
बेल्स उडाल्या. फलंदाज अजून अर्ध्या वाटेवर.

घरतची बायको उभी राहून टाळ्या वाजवत होती.
मी तिच्या बोटाकडे पाहिलं नाही.