अकरा ग्रॅम

धुरपा ठेलारीनं आमळीच्या पठारावर
काठीच्या टोकानं मुरूम उकरला
आणि लसणाच्या गड्ड्याएवढे दोन कंद
पदराला पुसले.
एक तिनं तिथंच कराकरा खाल्ला.
दुसरा माझ्या हातावर. खरपुडी.
मी म्हणालो, हा लावीन.
ती मेंढ्यांकडं बघत हसली :
"हाई पेरानं नसस भाऊ,
उकरीसन खावानं ऱ्हास."

मी दोंडाईच्याच्या मिरची बाजारात काट्यावर असतो.
शिंक दाबून आकडे ओरडायचे, हेच काम.
आमचा काटा पोत्याखाली बोलत नाही,
म्हणून सोनाराकडं गेलो.
अकरा ग्रॅम, तो म्हणाला. मोड आहे का?
अजून नाही, मी म्हणालो.

ती कुजली.
रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं होतं,
दुसरं काय घालणार?

पुढच्या भादव्यात पुन्हा पठार,
पुन्हा धुरपा. या वेळी तिनं कंद दिला
आणि सोबत ओंजळभर खडे.
तेलाच्या डब्यात खाली खडे, वर मुरूम, आणि
माझे हात खिशात.

एक बारीक वेल कपड्यांच्या तारेवर चढला.
कुमुदनं त्याला टॉवेल वाळवायची जागा सोडली,
कुरकुरत.
मग फूल आलं, बोटाच्या पेराएवढं,
खाली फुगीर, वर पाकळ्यांची टोकं जुळलेली,
जणू कुणी कंदील करायला घेतला
आणि वात लावायची राहून गेली.
एक चिलट आत गेलं.
आतले केस खाली वळलेले, परत यायला वाट नाही.
रात्रभर मी दोनदा उठून बघितलं.
दुसऱ्या दिवशी केस सुकले, चिलट सुटलं,
अंगाला पिवळं काहीतरी घेऊन
शेजारच्या गच्चीकडं गेलं.
तिथं तर नुसती पाण्याची टाकी आहे.

दिवाळीनंतर वेल वाळला.
आठ महिने डब्यात काही नाही.
कोथिंबीर लावू का, कुमुद विचारते.
मेलंय ते.
मी नाही म्हणतो, आणि नाहीच्या पुढं
मला काही सांगता येत नाही.
मे महिन्यात पत्रा एवढा तापतो
की डब्याला हात लागत नाही.
आत ती आहे,
असं मी धरून चालतो.

चौथ्या वर्षी डबा उलटा केला.
एक मोठी, दोन लहान.
त्याच आठवड्यात धुरपा बाजारात आली, मिरची घ्यायला.
मोठी मी तिला दिली.
तिनं पदराला पुसली, वास घेतला,
दात कमी झालेत आता, हळूहळू चावली.
मागं गाडीवाला हॉर्न वाजवत होता,
काट्यावर पोतं तसंच.

"गोड शे," ती म्हणाली.
मग थोडं थांबून, "पन लाडनी शे."

लहान दोन्ही परत मुरुमात आहेत.
सध्या डब्यात दिसण्यासारखं काही नाही.
कुमुद त्याला झाडू टेकवून ठेवते.