हात दाखवून

मिशिगनच्या माणसाला गाव विचारा,
तो नकाशा काढत नाही.
उजवा पंजा उभा धरतो
आणि डाव्या बोटानं टोचतो: इथे.

आम्ही तर्जनीच्या पेरावरचे, अल्पीनाचे.
ह्यूरॉन सरोवर, सिमेंटचा कारखाना,
मोटारींवर राखाडी साय,
खाणीत सुरुंग उडाला की
कपाटात एकमेकींना बिलगणाऱ्या कपबशा.

लायल प्रिझबिला गायचा. म्हणजे
आधी पुटपुटायचा, मग ओरडायचा,
मधलं काही त्याला येतच नसे.
डेलनं गिटारची एक तार उतरवून ठेवलेली,
ती पुन्हा कुठवर चढवायची हे विसरला,
म्हणून आमची सगळी गाणी त्याच उतारावर.
बेसवर त्याचा चुलतभाऊ, फारसा बोलला नाही कधी.
ड्रमवर वॉन्डा ल्यूडके,
जिचा बाप सुरुंग लावायचा.
चारला दोन मिनिटं कमी असताना
ती काठ्या मांडीवर ठेवायची,
स्फोट होऊ द्यायची,
आणि पुढच्या ठोक्यावर आम्हाला आत घ्यायची.
पहिल्या कॅसेटवर तो स्फोट आहे.
ऐकणाऱ्यांना वाटतं, कॅसेट खराब आहे.

मी ट्रम्पेट. एकाच गाण्यात, शेवटची चाळीस सेकंदं.
बाकी वेळ टी-शर्टच्या खोक्यामागे.

नाव शाळेच्या हरवले-सापडले पेटीतून घेतलं:
तिच्यात सहा हातमोजे होते, सगळे उजवे.
‘सहा उजवे’. आम्ही पाच जण.
सहावा कोण, हे प्रत्येक गावात कुणीतरी विचारायचं.

टोलेडोत सात माणसं आली,
त्यातली चार आमच्या आधी वाजवून गेलेली.
फोर्ट वेनच्या तळघरात छत इतकं बुटकं
की लायल मान घालून गायला;
नंतर एक मुलगी म्हणाली, किती खरं दुःख.
व्हॅनला हीटर नव्हता.
आतल्या काचेवरचा बर्फ आम्ही
वाचनालयाच्या कार्डानं खरवडायचो,
आणि त्या खरवडण्याला लय सापडली की
वॉन्डा म्हणायची, थांबा, हे लक्षात ठेवा.
लक्षात राहिलं नाही.

मग सत्त्याण्णवचा नोव्हेंबर. तीनशे रेकॉर्ड छापून आल्या
कोऱ्या पुठ्ठ्यात, कारण चित्राला पैसे उरले नव्हते.
डेल म्हणाला, सिमेंट तर फुकट आहे.
रात्रभर चौघांनी ओल्या सिमेंटात पंजे बुडवले
आणि एकेका पुठ्ठ्यावर अख्खं मिशिगन उमटवलं.
मी तेव्हा बेकरीत पाळीवर होते.
पहाटे आले तर
त्यांचे तळवे उकडलेल्या बिटासारखे,
बोटांच्या बेचक्यात कातडी सुटलेली.
वॉन्डाच्या बापानं व्हिनेगरची बाटली आणली,
एकेकाचा हात घंगाळात धरून धुतला,
आणि फक्त एवढं म्हणाला:
तुमचं पोट कशावर भरलं, तेवढं तरी माहीत करून घ्यायचं.

पोलिश क्लबात शनिवारी कार्यक्रम. रद्द करणार कसा?
क्लबानं बटाट्याचे पिअरोगी तळून ठेवले होते.
डेल आणि भाऊ खुर्चीत, हात पांढऱ्या गाठोड्यात.
वॉन्डानं नुसत्या पायानं मोठा ढोल धरला.
लायल पुटपुटला.
आणि चाळीस सेकंदांची मी
सव्वा तास वाजवत राहिले,
गिटारच्या जागा, बेसच्या जागा,
जिथे काही येत नव्हतं तिथे श्वास.
ओरडायची वेळ आली तेव्हा लायल ओरडला नाही.
माझ्याकडे पाहिलं त्यानं.

भांडण झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.
डेल सरोवरातल्या मालवाहू जहाजावर लागला.
वॉन्डा नर्स झाली, ग्रँड रॅपिड्सला.
लायल पाण्याचे मीटर वाचतो;
डाव्या कानानं ऐकू येत नाही,
म्हणतो, कुत्री त्याच बाजूनं येतात.

परवा क्लीव्हलँडच्या एका दुकानात
जुन्या रेकॉर्ड चाळताना आमची निघाली.
पुठ्ठ्यावरचा पंजा गळून गेलेला,
उरला फक्त एक काळसर डाग, अंगठा नसलेला.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
कव्हर खराब आहे, दोन डॉलर कमी करतो.
कुठला बँड आहे हो हा?

प्लास्टिकच्या पिशवीच्या तळाशी
चिमूटभर राखाडी धूळ जमली होती.
ती सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी
पिशवी सरळ धरून मी उभी,
आणि दाखवायला हात मोकळा नव्हता.